तबकडी कुणाची, काटे कुणाचे?

"ओरिजिनल आहे ना?"

जुन्या घड्याळाचा फोटो पाठवणारा जवळजवळ प्रत्येक जण एवढंच विचारतो. त्याला 'हो' किंवा 'नाही' हवं असतं. पण त्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले असतात. घड्याळावर ज्या कंपनीचं नाव आहे तिनंच ते बनवलंय का, हा पहिला. आणि कारखान्यातून निघताना त्याच्यावर जी तबकडी, जे काटे, जी चावी होती, तीच आजही आहे का, हा दुसरा. पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' असं उत्तर असलेली घड्याळं बाजारात खंडीभर आहेत, आणि माणसं फसतात ती बहुतेक वेळा इथंच. साफ खोटं घड्याळ ओळखायला फारशी नजर लागत नाही. खऱ्या घड्याळातलं परकं काय ते ओळखायला लागते.

समजा, १९६८ सालचं एखादं रोलेक्स सबमरीनर आहे. मालकानं ते २००० सालाच्या सुमारास कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला दिलं. तिथं पिवळट ठिपक्यांची जुनी तबकडी काढून नवी बसवली, काटे बदलले, केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, घासूनपुसून लख्ख केली. प्रत्येक सुटा भाग रोलेक्सचाच, त्यात बनावट काहीच नाही. तरीही संग्राहकाच्या लेखी ते १९६८चं सबमरीनर उरत नाही, आणि हात न लागलेल्या तशाच पीसच्या मानानं त्याला भाव बराच कमी मिळतो. नव्यानं या छंदात आलेल्या माणसाला हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. जुनं घड्याळ आपण वेळ बघायला घेत नाही. ती सोय खिशातल्या फोनमध्ये आहे. आपण घेतो तो एका विशिष्ट काळात, विशिष्ट हातांनी घडवलेला आणि नंतर माणसाच्या मनगटावर जुना होत गेलेला ऐवज. तो काळच काढून टाकला तर पैसे कशाचे द्यायचे?

म्हणून घड्याळ हातात आलं की माझी नजर एकच गोष्ट शोधते. याचे सगळे भाग एकत्र म्हातारे झालेत का? तबकडी जे वय सांगते तेच काट्यांनी सांगायला हवं, केसनं सांगायला हवं, आतल्या मशीननं सांगायला हवं. एखादा भाग फार तरुण दिसला, की कुठंतरी पाणी मुरतंय.

आपल्याकडे हे पाणी शब्दशः मुरतं. मुंबईची, कोकणाची, गोव्याची दमट हवा घड्याळाच्या तबकडीला सर्वांत आधी खाते. काचेच्या कडेतून, चावीच्या नळीतून ओल आत जाते. तबकडीवरच्या लाखेला बारीक फोड येतात, कडेनं काळे डाग धरतात, छापील अक्षरं उडतात. केसची तीच गत. पितळेवर मुलामा दिलेल्या केसला घाम चढतो आणि पट्ट्याच्या खुंट्यांपाशी, चावीच्या बाजूला धातूला खड्डे पडतात. मागचं पोलादी झाकण मात्र शाबूत राहतं. तेव्हा दादरला किंवा रत्नागिरीला पन्नास वर्षं रोज वापरलेल्या घड्याळाची तबकडी दुधासारखी स्वच्छ असेल, तर खूश होण्याआधी जरा थांबायला हवं. कोरड्या हवेत, लॉकरमध्ये राहिलेल्या घड्याळाची गोष्ट वेगळी. रोज हातात असलेलं आणि तरी निष्कलंक, हे जुळत नाही.

आपल्या लोकांनी यावर उपाय शोधला तो रीडायलचा. तबकडी मशीनवरून उतरवायची, जुना रंग आणि छपाई रसायनानं काढून टाकायची, नवा रंग द्यायचा आणि कंपनीचं नाव, मिनिटांच्या रेघा, खालची 'स्विस मेड' ही अक्षरं पुन्हा छापायची. हे काम करणारे कारागीर मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या होते. त्या काळी रीडायल हा फसवणुकीचा प्रकार नव्हता. तो घर रंगवून घेण्याइतका सरळ व्यवहार होता: मुलाची मुंज आली, लग्न आलं, घड्याळ मळकं दिसतंय, द्या करून.

ओमेगाचं कॉन्स्टलेशन घेऊन सांगतो, कारण आपल्याकडच्या जुन्या डॉक्टर-वकिलांच्या आणि परदेशी राहून आलेल्यांच्या घरांत हे घड्याळ अजून निघतं. ओमेगानं ते १९५२ साली आणलं. मागच्या झाकणावर वेधशाळेचा घुमट आणि वर आठ तारे. त्यातल्या नावाजलेल्या तबकड्या सपाट नसतात. मधला भाग उंच, आणि कडेला बारा पैलूंनी उतरत गेलेला, उपड्या ठेवलेल्या थाळीसारखा. मूळ तबकडीवर हे पैलू इतके धारदार असतात, की खिडकीपाशी घड्याळ हळूहळू फिरवलं तर एकेका पैलूवरून उजेड तुटक उडी मारत जातो. रीडायल करताना वर रंगाचा थर चढला की त्या धारा बुजतात. मग उजेड उड्या मारत नाही, नुसता घरंगळतो. भिंग न वापरताही दिसणारी ही खूण आहे, आणि ती एकदा पाहिली की डोळा ती विसरत नाही.

भिंग लावलं की पुढचं दिसतं. मूळ छपाईत कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ गादीनं उचलून तबकडीवर ठेवतात, त्यामुळे अक्षराची कड कातरल्यासारखी आणि शाई किंचित उठलेली असते. पुन्हा छापलेल्या अक्षरांचे कोपरे सुजतात, दोन अक्षरांमधलं अंतर चुकतं, ओमेगाच्या चिन्हाचे पाय जाडे होतात. मिनिटाच्या रेघा तासाच्या धातूच्या खुणांच्या बरोबर मध्यावर यायला हव्यात, त्या केसभर सरकलेल्या असतात. 'स्विस मेड' कधी गायबच, तर कधी भलत्या उंचीवर. आणि तबकडी काढून तिची कड पाहिली तर तिथं कधी कधी कानशीनं मारलेली बारीक खाच सापडते. रंग उतरवल्यावर बारा कुठे होते ते कळावं म्हणून कारागिरानं केलेली ती खूण असते.

पुण्यातल्या एका पेठेत एका वृद्ध घड्याळजींच्या टेबलाशी असंच एक कॉन्स्टलेशन उघडलं होतं. माझा मित्र ते विकत घेणार होता. विकणारे गृहस्थ साठीपुढचे, वडिलांचं घड्याळ घेऊन ठाण्याहून आले होते. घड्याळजी काकांनी आयग्लास डोळ्याला लावला आणि काही न बोलता बराच वेळ तबकडीकडे पाहिलं.

"डायल परत छापलेली आहे," ते म्हणाले. "काम चांगलंय. हाताचं काम आहे."

गृहस्थ जराही बिचकले नाहीत. "हो, बाबांनीच करून घेतली होती. ताईच्या लग्नाच्या आधी. पावसात भिजलं होतं."

काकांनी मागचं झाकण उघडलं. आत तांबूस सोनेरी रंगाचं मशीन, कॅलिबर (म्हणजे मशीनचा प्रकार) ५६१, चोवीस ज्वेल (चाकांच्या टोकांना आधार देणारे रत्नखडे). त्यावरचा नंबर दोन कोटी दहा लाखांच्या घरातला, म्हणजे साधारण १९६४चा. तासाच्या खुणांच्या मधोमध काळी रेघ होती. तशा खुणा असल्या की काट्यांतही काळी रेघ हवी, आणि ती होती. म्हणजे काटे घरचेच. सहाच्या वरचा धातूचा तारा मूळचा. चावी मात्र बाहेरची: या काळातल्या कॉन्स्टलेशनची चावी दहा पैलूंची असते, ही साधी गोल दातेरी होती.

मग काकांनी झाकण उलटं करून दिव्याखाली तिरपं धरलं. आतल्या बाजूला, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा सुईच्या टोकानं ओरखडलेल्या नोंदी होत्या. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर आपली खूण आणि तारीख अशी झाकणाच्या आत लिहून ठेवतो, पुन्हा कधी तेच घड्याळ समोर आलं तर कळावं म्हणून. काही नुसती आद्याक्षरं होती, काही आकडे, आणि एक तारीख चक्क देवनागरीत. काका एकेक वाचत गेले. एका नोंदीवर ते थांबले, गृहस्थांना म्हणाले, "तुमच्या ताईंचं लग्न एक्क्याऐंशीच्या आसपास का हो?"

"ब्याऐंशीच्या मे महिन्यात," गृहस्थ म्हणाले.

त्या झाकणातल्या ओरखड्यांनी मला जेवढा विश्वास दिला तेवढा कुठल्या छापील सर्टिफिकेटनं क्वचितच दिलाय. तबकडी मूळ नव्हती. पण ती कधी बदलली, का बदलली, कुणी सांगितलं आणि झाकणातली तारीख काय म्हणते, हे सगळं एकमेकांना धरून होतं. मित्रानं रीडायल केलेल्या घड्याळाचा भाव दिला, गृहस्थांनी तो घेतला, आणि दोघांपैकी कुणाच्याही मनात किंतु राहिला नाही. मला हा व्यवहार आदर्श वाटतो.

याच्या उलट जे चालतं त्याचा मला मनापासून राग येतो. मोडकी जुनी स्विस मशीन गोळा करायची, त्यांवर भडक लाल-निळ्या तबकड्या छापायच्या, कंपनीनं कधी काढलंच नाही असं मॉडेल जन्माला घालायचं, लष्कराचं म्हणून एखादं चिन्ह ठोकायचं आणि 'दुर्मीळ, सर्व्हिस केलेलं, मूळ स्थितीत' म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकायचं. फेवर ल्युबा, वेस्ट एंड, अगदी आपलं एचएमटीसुद्धा यातून सुटलं नाही. जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे नाव वाचलं की जीव तुटतो, कारण घड्याळांच्या इतिहासात मुंबईचं नाव खरं तर मानानं घ्यायला हवं. फेवर ल्युबा १८६५ साली मुंबईत आली. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८०च्या दशकात मुंबईतच उभी राहिली आणि तिची घड्याळं सैन्यात, रेल्वेत, टपाल खात्यात मनगटामनगटावर पोचली. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ साली बंगळूरला कारखाना काढला, त्याच्या कितीतरी आधीपासून हे शहर घड्याळं विकत होतं, दुरुस्त करत होतं. त्या रीडायलवाल्या कारागिरांच्या हातातलं कसब आजही खरं आहे. खोटी आहे ती घड्याळाखालची जाहिरात.

तबकडीनंतर मी अंधारात चमकणाऱ्या रंगाकडे वळतो, आणि इथं भौतिकशास्त्र आपल्या बाजूनं साक्ष देतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा रंग रेडियमचा असे, नंतर ट्रिटियमचा. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. पण त्याच्यासोबत मिसळलेलं झिंक सल्फाइड किरणांच्या माऱ्यानं काही दशकांतच निकामी होतं. म्हणून जुना रेडियमचा रंग अंधारात चमकत नाही; किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर जवळ नेला की मात्र तो कडकडतो. ट्रिटियम सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं. १९७० सालच्या घड्याळात आता त्याचा शंभरातला चार-पाच भाग उरला असेल. मग विकणारा कौतुकानं सांगतो, "बघा साहेब, अजून रात्री चमकतं!" तेव्हा समजावं की रंग नंतर भरलाय. अतिनील टॉर्चखाली ट्रिटियमचा जुना रंग उजळतो, पण टॉर्च बंद करताच काही सेकंदांत विझतो. पुढच्या काळात आलेला लुमिनोव्हा हा रंग बराच वेळ तेवत राहतो. रोलेक्सच्या तबकडीच्या तळाशी 'स्विस' या शब्दाच्या आजूबाजूला 'टी' हे अक्षर असेल तर रंग ट्रिटियमचा हवा. १९९८च्या सुमारास लुमिनोव्हा आल्यावर ते अक्षर गेलं. 'टी' लिहिलेली तबकडी टॉर्च बंद केल्यावरही हिरवीगार राहिली, तर कुणीतरी तिच्यावर पुन्हा रंग भरलेला आहे.

काट्यांतला आणि तबकडीवरचा रंग एकाच छटेचा आहे का, हेही पाहावं. दोन्हींवर एकाच उन्हाचा, एकाच दमटपणाचा परिणाम झालेला असतो. थोडा फरक चालतो, कारण कारखान्यातही काटे आणि तबकड्या वेगवेगळ्या ठिकाणी रंगवल्या जात. पण तबकडीवर मधाचा रंग आणि काट्यांत पांढरीफटक पूड असेल, तर दोघं एका घरात वाढलेले नाहीत.

आणि कधी कधी रेडियम स्वतःच पुरावा लिहून ठेवतं. एखादं घड्याळ बंद पडून कपाटात वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं, तर काट्यांमधल्या रेडियमनं खालची तबकडी भाजत जाते आणि काटे जिथं थांबले होते तिथं त्यांच्याच आकाराचे तपकिरी डाग पडतात. काटे फिरवून त्या डागांवर परत आणून पाहावेत. लांबी, रुंदी, मधली फुगवटी तंतोतंत बसली, तर हे काटे आणि ही तबकडी कित्येक दशकं एकत्र होते यात शंका नाही. असा डाग पुसायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. हातापाया पडून त्यांना थांबवावं. शिवाय रेडियमचा रंग खरवडणं अंगाशी येण्यासारखं आहे. त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. १९२०च्या दशकात न्यू जर्सीच्या कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याला ओठांनी टोक काढत, आणि त्यांच्यातल्या अनेकींनी त्याची किंमत जिवानं मोजली.

केसबद्दल थोडक्यात सांगतो. पॉलिश हा जुन्या केसचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण पॉलिश म्हणजे धातू खरवडून काढणं. पट्टा धरणाऱ्या खुंट्या दोन्हीकडे सारख्या जाड आहेत का, त्यांच्या कडांवरचा तिरपा काप अजून दिसतो का, खुंटीतलं भोक काठाच्या फार जवळ सरकलंय का, हे पाहावं. सोन्याच्या स्विस घड्याळांवर अठरा कॅरेटसाठी हेल्वेशिया देवीच्या मुखाचा इवलासा ठसा असे. त्या चेहऱ्याचे नाक-डोळे अजून ओळखू येत असतील तर केसवर फारसा हात फिरलेला नाही. नुसता गुळगुळीत पुळा उरला असेल तर बरंच सोनं कुणाच्या तरी बफिंगच्या चाकाला लागून गेलंय.

मशीन उघडून दाखवायला नकार देणाऱ्याकडून महागडं जुनं घड्याळ घेऊ नये, एवढं मी ठामपणे सांगतो. रोलेक्सच्या बाबतीत पट्टाही काढून पाहावा लागतो, कारण जुन्या 'ऑयस्टर' या पाणबंद केसवर बाराच्या बाजूला खुंट्यांच्या मधे मॉडेलचा आकडा आणि सहाच्या बाजूला अनुक्रमांक कोरलेला असतो. कोरलेला, म्हणजे धातूत स्वच्छ कापलेला. तिरप्या उजेडात त्याच्या कडा चमकतात. ॲसिडनं खाल्लेला आकडा खरबरीत दिसतो. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या बऱ्याच रोलेक्सच्या झाकणात आतून रोमन अंकात तिमाही आणि पुढे वर्ष ठोकलेलं सापडतं. ते अनुक्रमांकाच्या वर्षाजवळ यायला हवं. अमेरिकेत आयात झालेल्या घड्याळांच्या मशीनवर तीन अक्षरी खूण असे. रोलेक्सला 'आरओडब्ल्यू', ओमेगाला 'ओएक्सजी', लाँजीनला 'एलएक्सडब्ल्यू'. भारतात विकलं गेलेलं म्हणून सांगितलेल्या घड्याळात ती खूण निघाली, तर मशीन कुठून आलं हे विचारायलाच हवं. मात्र उगाच संशय घेऊ नये. रोलेक्सच्या तारीखवाल्या १५७५ मशीनच्या पट्टीवर अनेकदा १५७० असाच आकडा असतो, आणि तो पाहून चांगली घड्याळं परत केलेली माणसं आहेत. हा आकडा कारखान्यातूनच तसा आलेला आहे.

आता ज्या घटनेनं माझ्या या सगळ्या तपासणीला मर्यादा घालून दिली ती सांगतो. नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहात १९५७ सालच्या घडणीचं ओमेगा स्पीडमास्टर, मॉडेल २९१५-१, विक्रीला आलं. तबकडी मूळची काळी, वर्षांच्या उन्हानं एकसारखी चॉकलेटी झालेली दिसत होती. संग्राहक अशा रंगासाठी वेडे होतात. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक. बोली गेली ३१ लाख १५ हजार फ्रँकांवर. घेणारी होती खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. आणि २०२३ साली ओमेगानंच जाहीर केलं, की हे घड्याळ निरनिराळ्या ठिकाणचे, बहुतांश अस्सल ओमेगाचेच भाग एकत्र करून जुळवलेलं आहे, आणि या प्रकरणात कंपनीच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. कंपनीनं फौजदारी तक्रार केली.

यातला कुठला भाग भिंगाखाली पकडला गेला असता?  बहुतेक भाग ओमेगाचेच होते, फक्त एकमेकांच्या सोबतीनं म्हातारे झालेले नव्हते. ज्या कंपनीकडे नोंदवह्या आहेत, जिचे लोक ही घड्याळं रोज हाताळतात, तिच्याच घरात हे घडलं. तेव्हापासून मी भिंगाइतकाच माणसांकडे पाहू लागलो. हे घड्याळ कुणाकडे होतं, त्यानं ते कुणाकडून घेतलं, मधली वर्षं ते कुठं होतं?

कंपन्यांच्या जुन्या नोंदींचा इथं उपयोग होतो, पण ती नोंद काय सांगते आणि काय सांगत नाही हे नीट समजून घ्यावं. पटेक फिलिप आपल्या दप्तरातून उतारा देते. घड्याळ कधी बनलं, पहिल्यांदा कधी विकलं गेलं, केस कुठल्या धातूची होती हे त्यात येतं. लाँजीनकडे सँ-इमिए गावी एकोणिसाव्या शतकापासूनच्या हातानं लिहिलेल्या वह्या आहेत, आणि नंबर दिला की ते मशीन कधी, कुणाकडे रवाना झालं हे ते सांगतात. रोलेक्सची जुनी दप्तरं मात्र सर्वसामान्य मालकाला अशी खुली नाहीत. तिथं संग्राहकांनी अंदाजानं बांधलेल्या अनुक्रमांकांच्या याद्यांवरच चालावं लागतं. उतारा हा नंबराचा असतो. 'या नंबराचं मशीन अमुक साली निघालं' एवढंच तो म्हणतो. आज त्या मशीनवर बसलेली तबकडी तेव्हा होती का, याबद्दल तो बहुतेक वेळा मुका असतो. ज्याच्या हातात उतारा आहे पण घड्याळ कुणाचं होतं हे ज्याला सांगता येत नाही, त्याचा कागद मला अर्धाच वाटतो.

भारतातल्या घड्याळांना तर हा कागदही अनेकदा नसतो, आणि त्यावरून त्यांना कमी लेखणं चूक आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत आयातीवर इतके निर्बंध होते, की परदेशी घड्याळ येई ते कुणाच्या तरी मनगटावर बांधून, नाहीतर तस्करांच्या मालातून. त्याची पावती कुठून असणार? डबा आणि वॉरंटी कार्ड आपल्याकडे कुणी चाळीस वर्षं सांभाळलं नाही, गोदरेजच्या कपाटात जागा दागिन्यांनाच पुरत नव्हती. उलट डबा, कार्ड, पावती सगळं अगदी व्यवस्थित घेऊन येणाऱ्या भारतीय घड्याळाकडे मी जास्त बारकाईनं पाहतो. कोरी वॉरंटी कार्डं आणि रिकामे डबे स्वतंत्रपणे विकले जातात, आणि त्यावर हवा तो नंबर लिहिता येतो.

त्यापेक्षा मला घराण्यातला एखादा फोटो जास्त मोलाचा वाटतो. आजोबा १९६९ साली महाबळेश्वरला स्वेटर घालून उभे आहेत आणि मनगटावर तीच तबकडी, तोच पट्टा दिसतोय, तर तो फोटो स्कॅन करून घड्याळाबरोबर द्यावा. झाकणावर कोरलेली अक्षरंसुद्धा तशीच. निवृत्तीच्या समारंभात दिलेल्या घड्याळावर खात्याचं नाव, तारीख असते, आणि विकणारा ती 'डाग' म्हणून घासून काढतो. पॉल न्यूमन या नटाच्या रोलेक्स डेटोनाच्या झाकणावर त्याच्या बायकोनं 'सांभाळून चालव' अशा अर्थाचे तीन शब्द कोरून घेतले होते. २०१७ साली न्यूयॉर्कला ते घड्याळ पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. ती अक्षरं घासून काढली असती तर ते त्याचंच घड्याळ आहे हे त्या धातूवरून कुणाला सांगता आलं असतं? जेजर-लकूल्त्रच्या रिव्हर्सोचंही तेच. पोलो खेळताना काच फुटते अशी भारतातल्या इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती, त्यातून १९३१ साली उलटी फिरवता येणारी ती केस आली. तिची मागची कोरी बाजू नाव किंवा बोधचिन्ह कोरायला जणू आयतीच होती. तिच्यावर काही कोरलेलं असेल तर तो त्या घड्याळाचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो पुसून मिळणारी चकाकी कुणाच्याही कामाची नाही.

म्हणून पैसे देण्याआधी मी विकणाऱ्याला फार तांत्रिक प्रश्न विचारत नाही. हे तुमच्याकडे कसं आलं, शेवटचं कुणी उघडलं, काय काय बदललं, आणि मी झाकण उघडलं तर चालेल ना, एवढंच. सरळ माणूस बदललेला भाग स्वतःहून सांगतो. पुन्हा छापलेली तबकडी, बाहेरची चावी, बदललेली काच ही काही पापं नाहीत. त्या त्या भागाचा भाव कमी होतो आणि विषय मिटतो. जो म्हणतो, "सगळं शंभर टक्के ओरिजिनल, तुम्ही फक्त लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय," त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ते घड्याळ खुशाल घेऊ द्यावं.

आणि घड्याळ घेतल्यावरही काम असतं. जुनं घड्याळ दुरुस्तीला देताना घड्याळजींना तोंडी सांगून भागत नाही, चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं: केस पॉलिश करायची नाही, तबकडी आणि काट्यांना हात लावायचा नाही, रंग भरायचा नाही, जो भाग बदलाल तो जुना भाग पुडीत घालून परत द्यायचा. बहुतेक कारागीर हे आनंदानं करतात. नवल वाटतं ते गिऱ्हाइकानं मागितल्याचं. परत आलेल्या पुडीवर तारीख आणि भागाचं नाव लिहावं, ती घड्याळाच्या डब्यातच ठेवावी, आणि घड्याळ पुढे कुणाला दिलं तर डब्यासकट द्यावं.